घड दिसतो ऑक्टोबरात, ठरतो मे महिन्यात: द्राक्षवेलीचे वर्ष दिवसांच्या हिशेबाने

ऑक्टोबरातली फळछाटणी, म्हणजे घड घेण्यासाठीची छाटणी, होऊन पंधरा-सोळा दिवस झाले की द्राक्ष बागायतदारांचे फोन सुरू होतात. "भाऊ, फूट जोरात आहे, पण घडच नाही. नुसत्या बाळ्या. काय मारू?" (बाळी म्हणजे वेलीचा आधाराला गुंडाळणारा तंतू.) तेव्हा मारण्यासारखं काही उरलेलं नसतं. ऑक्टोबरात बाहेर पडणारा घड मे-जूनमध्येच डोळ्याच्या, म्हणजे काडीवरच्या बंद अंकुराच्या, आत तयार झालेला असतो. तिथे तो झाला नसेल तर छाटणीनंतरची कोणतीही बाटली तो आणून देत नाही. तरी दर उन्हाळ्यात आपण बागेकडे पाठ फिरवतो आणि ऑक्टोबरात औषधाच्या दुकानात रांग लावतो.

खालचा हिशेब थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या वाणांचा आहे. बाग डॉगरिजसारख्या खुंटावर (मुळांसाठी खाली लावलेली दुसरी द्राक्षजात), वाय किंवा मांडव पद्धतीने तारांवर चढवलेली धरली आहे. महिने नाशिककडचे आहेत. तासगाव, सोलापूर, नारायणगावला ते थोडे मागेपुढे होतील. बागलाणातल्या अर्ली बागांचे महिने तर पूर्ण वेगळे, कारण तिथे फळछाटणी जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होते. पण छाटणीपासूनचे दिवस सगळीकडे जवळपास तेच राहतात. म्हणून महिना विसरा, दिवस मोजा.

दिवस मोजण्यातही चूक होते. पाच एकरांची बाग एका दिवसात छाटून होत नाही. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत सहा-सात दिवसांचं अंतर पडतं, आणि फवारणी मात्र सगळीकडे एकाच दिवशी होते. मी प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या खांबावर ऑइलपेंटने छाटणीची तारीख लिहितो. दिसायला बरं दिसत नाही, पण "आज बाग कितव्या दिवसात आहे?" या प्रश्नाला मजूरही उत्तर देऊ शकतो.

टप्पा १: काडी हातात घ्या आणि वेल वाचा

पुढचं सगळं या टप्प्यावर उभं आहे, म्हणून घाई नको. जुलै-ऑगस्टमध्ये बागेतून एक चांगली काडी पानांसकट कापून आणा आणि झाडाखाली बसून बघा.

प्रत्येक पेऱ्यावर एका बाजूला पान असतं. पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला बाळी असते, पण प्रत्येक पेऱ्यावर नाही. लागोपाठ दोन पेऱ्यांवर बाळी, तिसरा पेरा रिकामा, पुन्हा दोनांवर बाळी, असा क्रम दिसेल. आता फळहंगामातली फूट आठवा. घड कुठे असतो? पानाच्या समोर, म्हणजे अगदी बाळीच्याच जागी. घड आणि बाळी हे बालपणी एकच अवयव असतात. डोळ्याच्या आत तो बारीकसा उंचवटा असतो. त्याला अन्न, ऊन आणि योग्य संजीवके (वाढ ठरवणारी द्रव्यं) मिळाली तर त्याला फाटे फुटून घड होतो, नाही मिळाली तर बाळी होते. अर्धवट मिळाली तर पुढे चार मणी आणि एक वळलेलं टोक असा जो प्रकार दिसतो, त्यालाच आपण गोळी घड किंवा बाळी घड म्हणतो. तो रोग नाही, अर्ध्यावर सुटलेलं काम आहे.

आता पानाच्या बगलेत बघा. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक बगलफूट, ती याच हंगामात फुटते. दुसरा डोळा, तो खवल्यांत बंद राहून पुढच्या छाटणीची वाट बघतो. हा डोळाही एकटा नसतो. मधोमध मुख्य डोळा आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन उपडोळे असतात. घड बहुतेक मुख्य डोळ्यात असतो. मुख्य डोळा मेला तर उपडोळा फुटतो आणि बाग हिरवी दिसते, पण घड लहान येतो किंवा येतच नाही. बाग फुटली म्हणजे बाग साधली असं नाही, ते यासाठी.

खाली उतरलो की ओलांडा (तारेवरची आडवी फांदी), खोड, कलमाचा जोड, खुंट आणि मुळं. ओलांडा, खोड आणि मुळं ही वेलीची कोठारं आहेत. छाटणीनंतर पहिली काही पानं फुटतात ती याच साठ्यावर. नवीन पानं कमवायला लागेपर्यंत वेल शिल्लक खात असते. अन्नपाणी घेण्याचं काम बारीक पांढऱ्या मुळ्या करतात. त्या वरच्या दीड-दोन फुटांत, ठिबकच्या ओलाव्याभोवतीच जास्त असतात.

सावधान: बोदाची (झाडांच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्याची) माती चढवताना कलमाचा जोड गाडू नका. जोडाच्या वरून थॉमसनची स्वतःची मुळं सुटली की खुंट लावल्याचा उपयोग निम्मा संपतो.

टप्पा २: शेवटच्या क्रेटपासून खरड छाटणीपर्यंत

थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि छाटणी एकदाच होते. आपल्याकडे तिला झोपवेल अशी थंडी नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळछाटणी घड घेण्यासाठी. दोन छाटण्या म्हणजे साठ्यातून दोनदा उचल. त्यामुळे काढणीनंतर भरणा करावाच लागतो.

१. माल उतरल्यावर ठिबक बंद करू नका. पानं अजून हिरवी आहेत आणि आता घडाचं ओझं नाही, म्हणजे जे बनतं ते खोडात आणि मुळांत जातं. किमान पंधरा ते वीस दिवस ही विश्रांती द्या. पाणी बेताचं, खताची हलकी मात्रा.

२. याच काळात माती आणि पाणी तपासून घ्या. क्षार आणि चुनखडीचा आकडा हातात असल्याशिवाय वर्षभराचं खताचं वेळापत्रक लिहिणं म्हणजे अंदाजपंचे.

३. छाटणीच्या आधी बोद हलके मोकळे करून कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट द्या, माती पुन्हा झाका. मोठी मुळं तोडू नका.

तपासा: बोद उकरला की पांढरी मुळी दिसते का? सगळी मुळी तपकिरी आणि कोरडी असेल तर छाटणी चार-आठ दिवस पुढे ढकला आणि आधी पाणी द्या. अशा बागेत छाटणी केली की फूट मागेपुढे निघते आणि मग वर्षभर एका झाडावर तीन वयाच्या काड्या सांभाळाव्या लागतात.

टप्पा ३: खरड छाटणी, आणि ती कधी करायची याचं गणित

ओलांड्यावर काडीच्या तळाचा एक डोळा ठेवून बाकी काढून टाकायचं, इतकीच कृती. गणित तारखेचं आहे.

डोळ्यात घड ठरण्याचा मुख्य काळ छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांचा. त्या दिवसांत डोळ्यावर भरपूर ऊन पडायला हवं. १० एप्रिलला छाटणी केली तर हे दिवस येतात २० मे ते १९ जून. निम्म्याहून जास्त काळ कडक ऊन मिळतं. १० मे ला छाटणी केली तर तेच दिवस येतात १९ जून ते १९ जुलै. आभाळ भरलेलं, पानं ओली, ऊन नाही. माल उशिरापर्यंत थांबवला, दर वाढतील म्हणून वाट पाहिली, मग छाटणी मेमध्ये गेली. पुढच्या वर्षीचे घड तिथेच कमी झाले. दर किती वाढला ते आपण लक्षात ठेवतो, घड किती गेले ते कुणी मोजत नाही.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण उष्णतेची. छाटणीनंतर ओलांडा उघडा पडतो आणि दुपारच्या उन्हात भाजतो. मांडवाच्या तारांवर छाटलेल्या काड्या पसरून सावली करा, फूट निघेपर्यंत दिवसातून एक-दोनदा ओलांड्यावर पाणी फवारा. फूट साधारण आठ ते बारा दिवसांत दिसते.

टप्पा ४: विरळणी आणि सबकेन

फूट निघाली की हात आखडतो. "एवढी फूट काढून टाकायची?" हो, काढायची. ओलांड्यावर दोन काड्यांत अडीच ते तीन इंच अंतर राहील इतक्याच फुटी ठेवा. नऊ बाय पाच फुटांच्या लागवडीला झाडावर तीस-पस्तीस काड्या पुरे होतात. विरळणी पाच-सहा पानांवर करा. पंधरा पानांवर केली तर तोवर सावलीत वाढलेले तळाचे डोळे कमकुवत झालेले असतात आणि तोडलेल्या फुटींत साठ्यातलं अन्नही गेलेलं असतं.

त्यानंतर शेंडा.

१. फूट आठ-नऊ पानांची झाली की सातव्या पानाच्या वर शेंडा खुडा. बोटांनी, कोवळा असताना.

२. आठवड्याभरात वरच्या बगलांतून फुटी निघतील. त्यांतली सगळ्यात वरची एक ठेवा, खालच्या काढा.

३. या ठेवलेल्या फुटीला पाच पानं आली की पुन्हा शेंडा मारा. हीच सबकेन. काडीवर पंधरा ते सतरा पानं झाली की वाढ थांबवा.

सातव्या पानापाशी जी गाठ बनते तिथे काडीची धाव काही दिवस अडते आणि अन्न साठतं. म्हणून गाठीच्या आजूबाजूचे डोळे बहुधा फळणारे निघतात. जोमदार खुंट, भारी जमीन असेल तिथे सबकेनशिवाय गत्यंतर नाही. हलक्या जमिनीत काडी मुळातच बारीक राहत असेल तर सरळ काडी ठेवा. तिथे सबकेन करून वेलीला आणखी दमवू नका.

सावधान: शेंडा मारायला दहा दिवस उशीर झाला म्हणून कात्रीने चार-पाच पानांचा कडक तुकडा कापू नका. असा जबर काप बसला की बगलफुटींऐवजी झोपलेले डोळेच फुटू लागतात. ऑक्टोबरसाठी ठेवलेली पुंजी जूनमध्ये मोडली, असा तो प्रकार.

टप्पा ५: खरड छाटणीनंतरचा चाळिसावा ते सत्तरावा दिवस

एका वर्षी माझी बाग पंचेचाळिसाव्या दिवशी थोडी फिकट वाटली. शेजारची बाग काळीभोर हिरवी होती. मी ठिबकमधून युरिया सोडला आणि पाणीही वाढवलं. आठवड्यात बाग अशी उसळली की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. ऑक्टोबरात त्याच तुकड्यात प्रत्येक दुसऱ्या फुटीवर बाळी निघाली. बाग डोळ्यांना सुखावते तेव्हा डोळ्यांच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, हे त्या वर्षी कळलं.

कारण सरळ आहे. नत्र आणि पाणी वाढलं की शेंडा धावतो. धावणाऱ्या शेंड्यात जिबरेलिन या संजीवकाचं पारडं जड होतं, आणि जिबरेलिन त्या बारीक उंचवट्याला बाळीकडे ढकलतं. सायटोकायनिन हे दुसरं संजीवक त्याला घडाकडे नेतं. म्हणून या तीस दिवसांत सगळा प्रयत्न वाढीचा वेग कमी ठेवण्याचा असतो.

• नत्र बंद. स्फुरद वाढवा, ०:५२:३४ सारखं खत ठिबकमधून विभागून.

• पाणी कमी करा, बंद नको. सकाळी पानं ताठ आणि शेंडा थांबलेला, ही खूण.

• बगलफुटी काढत राहा. प्रत्येक डोळ्यावर दिवसातून काही वेळ तरी थेट ऊन पडायला हवं. दुपारी मांडवाखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसत नसतील तर पानांची गर्दी झाली आहे.

• सायटोकायनिनसाठी ६-बीए दहा पीपीएमची (दहा लाखांत दहा भाग) फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या आसपास करतात. तिचा उपयोग होतो, पण वर सांगितलेलं केलं असेल तरच. गर्दीच्या, नत्र पाजलेल्या बागेत ६-बीए मारणं म्हणजे पैसे मारणं.

सावधान: शेंडा थांबवण्यासाठी क्लोरमेक्वाट म्हणजे आपलं सीसीसी सढळ हाताने मारायची सवय अजून गेलेली नाही. २०१० मध्ये याच संजीवकाचे अंश युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत सापडले आणि निर्यातीला मोठा फटका बसला. ते वेलीत मुरून राहतं. निर्यातीचा विचार असेल तर यंदाची अवशेषांची नियमावली पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नका. खुडणी आणि पाण्यावर ताबा ही दोन साधनं फुकट आहेत.

टप्पा ६: काडी पिकवणं आणि पावसाळ्यात पानं राखणं

सत्तराव्या दिवसानंतर पालाशावर भर द्या. एकशेवीस दिवसांपर्यंत काडी हिरवी सोडून तळाकडून तपकिरी होत जाते. हा काळ नेमका पावसाचा. डाऊनी, भुरी, करपा हे रोग सगळे एकदम येतात आणि इथे बागायतदार कंटाळतो, कारण झाडावर माल दिसत नसतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये पानं गळाली तर काडी कच्ची राहते, आणि पाऊस उघडल्यावर डोळे अवेळी फुटतात ते वेगळंच. अर्धा ते एक टक्का बोर्डो मिश्रण आणि आलटून पालटून गंधक यांवर या काळात बरीच बाग सांभाळता येते. महागडी आंतरप्रवाही औषधं फुलोऱ्यासाठी राखून ठेवा.

तपासा: सप्टेंबरात काडी आडवी कापा. मधला गाभा तपकिरी आणि अरुंद, भोवतीचं लाकूड पांढरट घट्ट, तर काडी पिकली. गाभा हिरवट आणि रुंद असेल तर नाही. कापावर आयोडीनचा थेंब टाका. पिकलेल्या काडीत पिष्टमय पदार्थ भरपूर असल्यामुळे तो काळा-निळा पडतो. काडीची जाडी आठ ते दहा मिलिमीटर असावी. त्याहून जाड काडी भारी दिसते, पण तिच्यात मुख्य डोळा मेलेला सापडण्याची शक्यता जास्त. जाड काडीच्या प्रेमात पडू नका.

टप्पा ७: डोळे तपासणी

फळछाटणीच्या आठ-दहा दिवस आधी हे करायचंच. "आपण दरवर्षी सहा डोळ्यांवर मारतो" हे उत्तर नाही. दर वर्षाचं ऊन, पाऊस आणि आपल्या चुका वेगळ्या असतात.

१. एकरातून पंधरा-वीस काड्या घ्या. बांधाच्या कडेच्या नको, विहिरीजवळच्या एकाच झाडाच्या नको. तुकडाभर फिरून, मध्यम जाडीच्या घ्या.

२. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी तपासणी करणाऱ्याकडे पोचवा. डोळ्याचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसतो.

३. तळापासून एक, दोन, तीन असे डोळे मोजून कोणत्या क्रमांकावर घड आहे त्याचा तक्ता मागा. नुसतं "चांगलं आहे" असं तोंडी उत्तर घेऊन येऊ नका.

घरी निम्मी परीक्षा होते. नव्या ब्लेडने डोळा आडवा कापा आणि भिंगातून बघा. मधला ठिपका हिरवा असेल तर मुख्य डोळा जिवंत. मध्ये तपकिरी आणि बाजूला हिरवे असतील तर मुख्य मेला, उपडोळे राहिले. घड आहे की नाही ते भिंगातून कळत नाही.

टप्पा ८: पानगळ, फळछाटणी, पेस्टिंग

१. छाटणीच्या आधी पाणी तोडा. भारी जमिनीत दोन आठवडे, हलक्या जमिनीत पाच-सहा दिवस पुरतात.

२. पानगळीसाठी इथेफॉनची फवारणी छाटणीच्या साधारण पंधरा दिवस आधी. पानं आपोआप गळाली की त्यांतलं अन्न काडीत परत येतं आणि डोळे फुगायला लागतात. हाताने ओरबाडून पानं काढली तर हा फायदा जातो.

३. तक्त्याप्रमाणे छाटा. सबकेन असेल तर बहुधा गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून. सरळ काडीत फळणारा डोळा पाचवा-सहावा निघाला तर त्याच्या पुढे एक. काप डोळ्याच्या वर सेंटिमीटरभर, तिरपा.

४. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे बोळ्याने डोळ्यांना लावणं. आपल्याकडे थंडीने होणारी झोपमोड हे रसायन करतं. ज्या डोळ्यांवर घड हवा तेवढेच डोळे भिजवा. बोळा ओलांड्यापर्यंत फिरवत नेला तर नको ते डोळेही फुटतात आणि ताकद वाटली जाते. मात्रा साधारण तीस ते चाळीस मिली प्रति लिटर. जाड काडी आणि थंड हवा असेल तर वरची, बारीक काडी आणि उष्ण हवा असेल तर खालची. बाटलीवरची सूचना आधी वाचा.

सावधान, आणि हे मजुरांना स्वतः सांगा: पेस्टिंग करणाऱ्याने आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नये. सायनामाइड शरीरात गेल्यावर दारू घेतली की चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं अशी गंभीर अवस्था होते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. "काही होत नाही" म्हणणारा मजूर त्या दिवशी दुसऱ्या कामाला लावा.

टप्पा ९: कापसलेला डोळा ते फुलोरा

फळछाटणीनंतर आठ ते बारा दिवसांत डोळे कापसतात, म्हणजे फुगून कापसासारखे दिसतात, मग पोंगा (कोवळ्या पानांची गुंडाळी), मग पाचव्या पानाच्या आसपास घड दिसतो. इथून कामं दिवसावर येतात.

चौदा-सोळा दिवसांत फेलफुटी काढा, म्हणजे घड नसलेल्या आणि दाटीच्या. घड कमी असतील तर वांझ फुटींतल्या काही पानांसाठी ठेवाव्या लागतात. सरसकट तोडू नका.

याच सुमारास घड जिरण्याचा धोका असतो. डोळ्यात घड होता, बाहेरही दिसला आणि आठ दिवसांत त्याची बाळी झाली. साठा कमी, ढगाळ हवा, मुळीला जादा पाणी आणि नत्र, ही कारणं. पोंग्यापासून नत्र आणि पाणी आवरतं घ्या. पाऊस झाला असेल तर बोदात सल्फर किंवा खत ओतण्याआधी मुळी श्वास घेते आहे का ते बघा.

अठरा ते बावीस दिवसांची पोपटी अवस्था म्हणजे घडाच्या लांबीचे दिवस. जिबरेलिक आम्ल (जीए) दहा पीपीएम, चार-पाच दिवसांनी पंधरा पीपीएम, अशी पद्धत आहे. थॉमसनमध्ये फलन होतं, पण बी कोवळेपणीच मरतं. बीच मण्याला वाढवणारी संजीवके पुरवत असतं, ती इथे बाहेरून द्यावी लागतात. बियाळ्या वाणाला जीए लागत नाही आणि थॉमसनला लागतं, त्यामागे हे कारण आहे.

पीपीएमचा गोंधळ दरवर्षी होतो, म्हणून एकदाच पाठ करा: शंभर लिटरमध्ये एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम. डिपिंगच्या (घड द्रावणात बुडवण्याच्या) दहा लिटरच्या बादलीत चाळीस पीपीएम हवं तर चारशे मिलिग्रॅम. चार ग्रॅम नाही. पाण्याचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवा.

अडतीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलोरा. द्राक्षाचं फूल उमलत नाही. त्याच्या पाकळ्या वरून जोडलेल्या असतात आणि तळाशी सुटून टोपीसारख्या गळून पडतात. घड हलकेच तळहातावर झटका. टोप्या पडल्या म्हणजे फुलोरा सुरू. या आठ दिवसांत पाऊस झाला तर डाऊनी थेट घडात शिरते आणि मग औषध पोचतं ते फक्त पानापर्यंत. पाऊस उघडल्या उघडल्या वेली हलवून पाणी झटका, ट्रॅक्टर जात नसेल तर पाठीवरचा पंप घ्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

टप्पा १०: सेटिंग (मणी धरणं) ते पाणी उतरणं

मण्याची वाढ सलग होत नाही. आधी पेशी वाढतात, म्हणजे संख्या. मग काही दिवस मणी थांबल्यासारखा वाटतो. मग तो मऊ पडतो, पाणी उतरतं आणि पेशी फुगतात. हे कळलं की कधी काय करायचं ते आपोआप कळतं.

• फुगवणीचं डिपिंग मणी तीन-चार मिलिमीटरचा असताना चाळीस पीपीएम आणि सहा-सात मिलिमीटरचा असताना तीस पीपीएम. मणी कॅलिपरने मोजा, शेजाऱ्याच्या तारखेने नाही.

• घडांची संख्या याआधीच ठरवा. निर्यातीसाठी दीड चौरस फुटाला एक घड, स्थानिक बाजारासाठी एक चौरस फुटाला एक. घडाच्या पुढे दहा-बारा पानं हवीत. जादा घड ठेवून साखर येत नाही म्हणून औषध विचारणारे दरवर्षी भेटतात.

• कॅल्शियम पाणी उतरण्याच्या आधी. नंतर मण्यात येणारा प्रवाह मुख्यतः काडीच्या सालीतल्या अन्नवाहिन्यांतून येतो आणि त्यातून कॅल्शियम जवळपास पोचत नाही.

• मण्यात पाणी उतरल्यावर फुगवणीचं जीए मारू नका. आकार वाढत नाही, साल जाड होते आणि पक्वता लांबते.

थांबलेल्या काळात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. मणी आठ दिवस तसाच दिसतो, बागायतदार घाबरतो आणि दुकानदार जे देईल ते मारतो. थांबा. बी नसलेल्या वाणातही हा विसावा असतो, आणि तो संपला की मणी स्वतःच पुढे जातो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास घसरला की पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. त्या रात्री पहाटे ठिबक किंवा पाट चालू ठेवा. ओली जमीन उष्णता धरून ठेवते. बांधावर धुरासाठी शेकोट्या पेटवतात त्याचाही थोडा आधार होतो. पण दुपारी एकदम भरपूर पाणी देऊ नका, मणी आतून फुगून फाटतो.

टप्पा ११: काढणी

फळछाटणीपासून साधारण एकशेवीस ते एकशेचाळीस दिवस. पण दिवस मोजण्याची सवय इथे बाजूला ठेवा आणि रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजण्याचं यंत्र) हातात घ्या. द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही. जे आहे तेवढंच राहतं.

घडाच्या खांद्याचा मणी आधी गोड होतो, टोकाचा शेवटी. म्हणून खांदा, मध्य आणि टोक, तिन्हीकडचे मणी, बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून घेऊन एकत्र रस काढा. व्यापारी तपासणीला खांद्याचाच मणी उचलतो आणि आपणही खूश होऊन तोच आकडा सांगतो. मग पॅकहाउसमध्ये टोकाची साखर निघते आणि दर पडतो.

तपासा: शेवटच्या प्रत्येक फवारणीची तारीख आणि तिचा काढणीपूर्व कालावधी वहीत जुळवून बघा. एकाही औषधाचे दिवस शिल्लक असतील तर गाडी बोलावू नका.

काढणी सकाळी लवकर, दव सुकल्यावर करा. घड देठाला धरून कापा, मण्याला हात लावू नका, त्यावरची मेणासारखी पांढरी लव पुसली जाते. शेवटची क्रेट गाडीत चढली की त्याच दिवशी संध्याकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना ते स्वतः जाऊन बघा, आणि खांबावरची जुनी तारीख खोडून ठेवा. आता तिथे खरड छाटणीची नवी तारीख यायची आहे.